काटे मोडलेला शिंगटा

मांडवगण फराट्यात लेकीच्या घरी शिंगटा न्यायचा, तर काटे मोडून न्यायचा. तसं कुणी कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं, पण भीमेच्या काठच्या त्या गावात चांगुणाबाईंच्या आज्यापासून सगळे तसंच करत आले होते. शिंगटा म्हणजे मिशांचा मासा. अंगावर एक खवला नाही, हातात धरला की साबणासारखा निसटतो. त्याच्यापाशी हत्यारं तीनच. पाठीवर एक काटा आणि दोन्ही गालफडांच्या मागं एकेक. हात लागला की तिन्ही ताठ होतात आणि एखादा बोटात शिरला तर माणूस दिवसभर बोंबलत फिरतो. चांगुणाबाईंच्या उजव्या अंगठ्यावरचा लहानपणीचा वण साठी आली तरी तसाच होता, तांदळाच्या दाण्याएवढा.

वडील नदीवरून आले की शिंगटा दगडावर दाबून धरत, चिमट्यानं तिन्ही काटे मुळातून मोडत आणि चुलीत टाकत. अंगणात पडले तर कुणाच्या तरी पायात जायचे. घरात खायचा मासा असला तर कधी मोडायचे, कधी विसरायचे, मग आईची बोलणी खायचे. पण लेकीकडं जायचं असलं की कधी विसरले नाहीत. "लेकीच्या दारात काटा न्यायचा न्हाई," एवढंच म्हणायचे.

चांगुणाबाई लग्न होऊन दौंडला आल्या, रेल्वेच्या गँगमध्ये काम करणाऱ्या माणसाच्या घरात. वडील वर्षाकाठी एखाददुसऱ्या वेळी ओल्या गोणपाटात जिते शिंगटे गुंडाळून यायचे. सासू गोणपाट उलगडायची, माशाच्या पाठीवरून बोट फिरवायची आणि म्हणायची, "चांगुणे, बापानं काटे मोडून आणल्यात गं." चांगुणाबाई चुलीकडं तोंड फिरवून जाळ सारत बसायच्या. काटे मोडलेला मासा म्हणजे माहेर, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

त्यांच्या पोटी एकच मुलगा आला, रोहन. त्याचं दौंड स्टेशनाच्या अलीकडं टीव्ही दुरुस्तीचं छोटं दुकान होतं, आणि त्याला नाद होता तो मासा खाण्याचा नव्हे, बघण्याचा. खिडकीच्या काचा आणून त्यानं घरीच माशांची पेटी बनवली. पहिल्यांदा ती गळाली, दुसऱ्यांदाही गळाली. तिसऱ्यांदा पाणी थांबलं, तेव्हा वस्तीतली निम्मी माणसं बघायला आली. पेटीत त्यानं पुण्याहून आणलेले रंगीत मासे सोडले, आणि एका उन्हाळ्यात भीमेवरच्या जाळ्यातून बोटाएवढं शिंगट्याचं पिलू आणून त्यांच्यात टाकलं.

"कालवणातला मासा हाय त्यो," चांगुणाबाई म्हणाल्या. "त्याला काचंत बसवून काय पूजा करायचीय?"

"पुण्यातल्या दुकानात हाच शिंगटा काचंत बसलाय आई, इंग्रजी नाव लावून. म्हणलं, आमच्या भीमेतला हाय. तर दुकानदार मलाच म्हणतो, छे, हा बाहेरून येतो."

"बाहेरून म्हंजी दौंडवरनंच की!"

रोहन पोट धरून हसला होता.

त्याच वर्षी माया सून म्हणून घरात आली. ती पाबळची. तिकडं प्यायच्या पाण्याची मारामार, तिथं मासा कुठला? जिता मासा तिनं पहिल्यांदा बघितला तो नवऱ्याच्या पेटीत. हळदीच्या अंगानं ती त्या काचेपुढं बसून राहायची आणि रोहन तिला एकेक दाखवायचा. शिंगट्याच्या मिशा चार जोड्या, अंधारात तो मिशांनीच चाचपडून खातो. पाण्याबाहेर काढला की काटा खोबणीत घासून कर्र कर्र आवाज करतो, तोंडानं नव्हे. एकदा पेटी धुताना मासा जाळीत घेतला, तर काटे जाळीत अडकले आणि माया ओढायला लागली.

"ओढू नको," रोहननं तिचा हात धरला. "काट्याला मुळाशी कुलूप असतं. भ्याला की लावून घेतो. तू ओढशील तर काटा मोडेल, पण कुलूप उघडायचं न्हाई. पाण्यात धरून ठेव नुसता. भीती गेली की त्याचा त्यो खाली पाडतो."

ती जाळी पाण्यात धरून बसली. बऱ्याच वेळानं काटे आपोआप मिटले आणि मासा अलगद निघून गेला. मायानं वळून सासूकडं बघितलं, जणू तिनंच काही करून दाखवलं होतं.

"एवढं भ्यायला काय झालं त्याला?" तिनं विचारलं.

"अंगावर खवला न्हाई ना," रोहन म्हणाला. "उघडं अंग. ज्याला खवले न्हाईत, त्याला काटे लागतात."

पुढं कधीतरी रोहननं हौसेनं मरळीचं एक वाढलेलं पिलू पेटीत आणून सोडलं. मरळ म्हणजे नदीतला दरोडेखोर. तिनं संध्याकाळपर्यंत दोन रंगीत मासे खाल्ले आणि मग शिंगट्यावर झडप घातली. माया किंचाळली. अख्खा शिंगटा मरळीच्या जबड्यात, बाहेर नुसती शेपटी. तेवढ्यात मरळीनं डोकं झटकायला सुरुवात केली, तोंड वासलं, पुन्हा झटकलं आणि शिंगट्याला थुंकून टाकलं. तिन्ही काटे ताठ करून तो पेटीच्या तळाशी जाऊन बसला. मरळ दुसऱ्या दिवशी कालवणात गेली, आणि माया आल्यागेल्याला ती गोष्ट सांगत सुटली. "आमच्या शिंगट्याला कुणी गिळू शकत न्हाई!"

लग्नाला दोन वर्षं होतायत तोवर रोहनला कावीळ झाली. आधी कुणाला कळलीच नाही आणि कळली तेव्हा ती पोटात उतरली होती. सव्वीस वर्षांचं पोर गेलं. चांगुणाबाईंचा नवरा त्याआधीच गेलेला. घरात दोन बायका उरल्या आणि ती काचेची पेटी. रंगीत मासे एकेक करून पाठ टाकून वर आले. शिंगटा तेवढा राहिला.

माया त्याला सकाळ-संध्याकाळ कणकेच्या बारीक गोळ्या टाकायची. चांगुणाबाई दुपारी पेटीपुढं सुपारी कातरत बसायच्या आणि त्याच्याशी बोलायच्या. दोघी एकमेकींशी मात्र भांडायच्या. मायाची जीभ पहिल्यापासून तिखट, चांगुणाबाईंचीही काही कमी नव्हती.

"आत्या, चहात साखर टाकलीय का नुसती दाखवलीय?"

"पाबळला साखरेची पोती उतरत व्हती व्हय गं तुझ्या बापाकडं?"

"पोती न्हाई, पण चहाला चहा म्हणत व्हते."

शेजारच्या सोजराबाई म्हणायच्या, या घरात रोज सकाळी रेडिओ लावायची गरजच नाही. पण दोघींपैकी एक परगावी गेली की दुसरी धड जेवायची नाही, हेही सोजराबाईंनाच ठाऊक होतं.

चांगुणाबाईंचे भाऊ बन्सीमामा मांडवगणाहून एक दिवस आले ते स्थळ घेऊन. मुलगा शिरूरचा, सुगत नावाचा, कारखान्यात इलेक्ट्रिशियन, बायको बाळंतपणात गेलेली. आई आहे, स्वतःचं घर आहे. "पोरगी चोवीस वर्षांची हाय, आक्का," बन्सीमामा खालच्या आवाजात म्हणाले. "तू किती दिस पुरणार तिला?"

 नाही म्हणायला तोंड उघडलं होतं चांगुणाबाईंनी. समोर पेटीत शिंगटा वर आला, हवेचा एक घोट घेतला आणि खाली गेला. "बघू या," त्या म्हणाल्या. आणि चार दिवसांनी त्यांनीच मायाला समोर बसवून सांगितलं.

माया पेटून उठली. "मला काढून टाकताय व्हय? मी जड झाले?"

"जड झालीस."

"तोंडावर बोलताय!"

"मग काय पाठीमागं बोलू? माझे डोळे मिटले की तुझ्याकडं कोण बघंल? त्यो शिंगटा?"

माया आठवडाभर आदळआपट करत राहिली. मग एका सकाळी पेटीची काच पुसता पुसता तिनं, सासूकडं न बघता, विचारलं, "शिंगटा मला द्याल का?"

एवढं सोपं होतं ते, मागितलं आणि दिलं. पण चांगुणाबाईंना ते लग्नाला होकार देण्याहून अवघड गेलं. भीमेतून रोहननं स्वतःच्या हातानं आणलेलं आता जितं असं तेवढंच राहिलं होतं.

"ने," त्या म्हणाल्या. "पण आत्ता न्हाई. लग्न झाल्यावर पहिल्यांदा मी येईन ना, तवा घेऊन येईन."

शिरूरच्या विहारात दहा-पंधरा माणसांत, वंदना घेऊन लग्न लागलं. निघताना मायानं गळ्यात हात टाकले तेव्हा चांगुणाबाईंनी तिच्या कानात सांगितलं, "जीभ सांभाळ गं. तिथं उलटून बोलू नको. खाली मान घालून राहा, सगळं गोड व्हईल." माया मान हलवत राहिली, आणि उलट एक शब्द बोलली नाही.

पंधरवडा गेला. चांगुणाबाईंनी सोजराबाईंकडून दुधाची किटली मागून आणली, पेटीतलंच पाणी तिच्यात भरलं आणि सकाळच्या उजेडात शिंगटा जाळीत धरला. तो आता अर्ध्या वितीएवढा झाला होता. ओट्यावर ओलं फडकं अंथरून त्यांनी त्याला त्यावर घेतला, रोहनच्या दुकानातली बारीक पक्कड उचलली आणि पाठीवरचा काटा मुळाशी पकडला.

कर्र कर्र, कर्र कर्र, मासा ओरडत होता.

"झालं रे, झालं बाबा," त्या म्हणत होत्या. हात वडिलांसारखा चालत होता. कट्. मग एका गालफडामागचा, मग दुसरा. थोडं रक्त आलं, त्यावर त्यांनी हळदीचं बोट टेकवलं. त्या क्षणी मनात एकच गोष्ट होती. माया सून म्हणून या घरात आली आणि लेक होऊन गेली. आपण आता माहेरची माणसं. लेकीच्या दारात काटा न्यायचा नाही. चूल केव्हाच गेली होती, गॅस होता. काटे जाळायचे कुठं, म्हणून कागदावर ठेवून खिडकीत सरकवले.

एस्टीत त्या किटली मांडीवर घेऊन बसल्या. चौफुल्याला गाडी बदलली, पारगावचा पूल आला तेव्हा झाकण किलकिलं करून त्यांनी माशाला म्हटलं, "बघ, तुझी नदी." शेजारची बाई सरकून बसली. चांगुणाबाईंना खूप दिवसांनी हसू आलं. आपले वडील गोणपाट घेऊन असेच येत असतील, असंच कुणी त्यांच्यापासून सरकून बसत असेल.

शिरूरला मायाचं घर नीटनेटकं होतं. सासू मवाळ बाई, तिनं आग्रहानं चहा केला. सुगतरावांनी पुढच्या खोलीत मोठी विकतची पेटी आणून ठेवली होती, आत दिवा लावलेली. माशांची आवड आहे म्हणून बायकोसाठी मुद्दाम आणलेली. आत दीड वितीचा एकच मासा, काळा, अंगावर नारिंगी डाग, जाड ओठांचा. नाव ऑस्कर. काचेजवळ माणूस गेला की तोंड आपटायचा.

"बाई, हा तर पैलवान हाय," चांगुणाबाई म्हणाल्या. "आपल्या शिंगट्याला काय करणार न्हाई ना?"

माया कितीतरी दिवसांनी मोकळी हसली. "विसरलात व्हय आत्या? मरळीनं थुंकून टाकला व्हता! आधी बादलीत ठेवते, इथलं पाणी थोडं थोडं मिसळते. एकदम सोडायचा नसतो. संध्याकाळी सोडीन."

तिनं रोहनचं नाव घेतलं नाही, पण ते तिघींनाही ऐकू आलं. सासूबाई कप उचलून आत गेल्या. चांगुणाबाईंना बरं वाटलं. पोर बोलते आहे, हसते आहे. परतीची गाडी चुकायला नको म्हणून त्या उठल्या. मायानं कोपऱ्यापर्यंत येऊन हात हलवला.

न्हावरे गेलं. पारगावचा पूल आला. खाली पाण्यात कुणीतरी जाळं झाडत होतं आणि एक मासा जाळ्यात अडकून फडफडत होता. चांगुणाबाई बघत होत्या. काटे अडकले असतील, त्यांच्या मनात आलं. ओढू नको रे बाबा, पाण्यात धर.

आणि मग त्यांना मरळ आठवली. मरळीनं थुंकून टाकला होता. कशामुळं टाकला होता?

"थांबवा!" त्या उभ्या राहून ओरडल्या. "गाडी थांबवा!"

"आजी, स्टॉप न्हाई हितं," कंडक्टर म्हणाला. "काय झालं? पिशवी राहिली?"

"काटे राहिले," त्या म्हणाल्या. गाडीतली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. पुढच्या थांब्यावर त्या उतरल्या. तिथल्या टपरीवर फोन होता, पण मायाच्या घरी नव्हता, आणि शेजाऱ्यांचा नंबर कुणाला ठाऊक? शिरूरकडं जाणारी गाडी वेळेवर येईना. शेवटी कांद्याच्या पोत्यांवर बसून एका टेम्पोतून निघाल्या. साठीची बाई, पोत्यांवर, पदर वाऱ्यावर. ऊन कलत होतं. संध्याकाळी सोडीन म्हणाली होती. संध्याकाळ म्हणजे कधी? पाबळच्या पोरीची संध्याकाळ म्हणजे दिवेलागण. असू दे, आज दिवेलागण असू दे.

शिरूरला पोचेतो दिवे लागलेच होते. त्या चालत नव्हत्या, धावतच होत्या. दार उघडंच होतं.

"माया, सोडू नको!" उंबऱ्यातूनच त्या म्हणाल्या. "मासा सोडू नको, मी काटे मोडल्यात त्याचे!"

माया पेटीपुढं जमिनीवर बसली होती. बादली शेजारी रिकामी. तिनं वळून बघितलं नाही. पेटीत ऑस्कर एका जागी थांबून सावकाश कल्ले हलवत होता, पोट फुगलेलं. जाड ओठांतून एक मिशी बाहेर लोंबत होती, काळ्या दोऱ्यासारखी. बघता बघता तीही आत गेली.

"मला वाटलं, थुंकंल," माया म्हणाली. "मी वाट बघत बसले. आत्ता थुंकंल, मग थुंकंल."

चांगुणाबाई तिच्याशेजारी खाली बसल्या. 

"कशाला मोडले आत्या?"

"आमच्याकडं तसंच नेत्यात."

"कुणाकडं?"

 "लेकीकडं," चांगुणाबाई म्हणाल्या.

मग मायाला रडू फुटलं. लग्नात नाही, रोहन गेला त्या दिवसांनंतर कधीच नाही, असं ती रडली. चांगुणाबाईंच्या मांडीत तोंड खुपसून, लहान पोरासारखं, आवाज करून. सासूबाई दारात येऊन थबकल्या आणि मागं फिरल्या. सुगतराव कामावरून आले, सगळं ऐकलं. "मी दुसरा आणून देतो," ते हळूच म्हणाले. "पुण्यात मिळतो तसला." त्यांचा भला स्वभाव दोघींनाही कळला, आणि त्यामुळंच त्यांच्याकडं बघणं अवघड झालं.

चांगुणाबाई रात्री तिथंच राहिल्या. सकाळी माया त्यांना स्टँडवर सोडायला आली. डोळे सुजलेले, मान खाली. पोर चहात साखर कमी पडली तरी आता बोलणार नाही, हे चांगुणाबाईंना दिसत होतं, आणि तसं राहायला आपणच सांगितलं होतं हेही.

"माया," त्या म्हणाल्या, "मी निघताना तुला सांगितलं व्हतं ना, खाली मान घालून राहा म्हणून. ते सोडून दे."

"म्हंजी?"

"म्हंजी चहा पाणचट असला तर पाणचट म्हण."

माया हसली नाही. पण तिनं चांगुणाबाईंचा हात हातात घेतला आणि गाडी हलेपर्यंत सोडला नाही.

पुढं रोहनच्या स्मृतिदिनाला माया आणि सुगतराव दौंडला आले. घरात वंदना झाली, चार माणसं जेवली. रिकामी पेटी जागेवर होती, पाण्यानं भरलेली, आत हवेचं यंत्र चालू. बुडबुडे वर येत होते.

"आत्या, हे कशाला चालू ठेवलंय?"

"राहू दे. आवाज व्हतो तेवढा."

माया पेटीपाशी बराच वेळ उभी राहिली. मग खिडकीतल्या कागदाकडं तिची नजर गेली. तिन्ही काटे तिथंच होते, वाळून पांढरे पडलेले. एका कडेला करवतीसारखे बारीक दात, आणि मुळाशी, जिथं कुलूप असतं, तिथं पक्कडीनं चिरडलेलं.

"हे चुलीत टाकायचे असतात म्हणाला व्हतात ना?"

"टाकायचे असत्यात."

 जायची वेळ झाली तशी माया दारात चपला घालायला वाकली. चांगुणाबाईंनी कागदाची पुडी केली, मायाच्या पदराचं टोक धरलं आणि पुडी त्यात ठेवून गाठ मारली. घट्ट, दोनदा. मांडवगणात कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, म्हातारीला वेड लागलं, लेकीच्या पदरात काटे बांधतीय. मायानं गाठीवर हात ठेवला.

"जाते, आई," ती म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, आत्या नाही, आई.

त्यांना स्टँडपर्यंत पोचवून चांगुणाबाई घरी आल्या. तिन्हीसांज झाली होती. त्यांनी दिवा लावला आणि हाताच्या सवयीनं चिमूटभर कणीक भिजवून त्याच्या बारीक गोळ्या वळल्या. पेटीपर्यंत गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. मग गोळ्या तळहातावर घेऊन त्या तशाच उभ्या राहिल्या. पाण्यात बुडबुडे वर येत होते आणि फुटत होते.